संडासातला पाट

रंगनाथ तात्यांना पहिला संशय आला तो पाटामुळे. त्यांची बायको मुक्ताबाई ज्याच्यावर बसून ताक घुसळायची, तो वीतभर उंचीचा सागवानी पाट एका सकाळी संडासात निघाला. तोही कोपऱ्यात उभा केलेला नव्हे, अगदी कमोडच्या पुढ्यात, पाय ठेवायच्या जागी. आता तुम्हीच सांगा, ताका-लोण्यातली वस्तू कुणी शहाणा माणूस संडासात नेऊन ठेवतो का? तात्यांनी तो पायानं बाजूला सारला, आपलं काम उरकायला बसले, आणि नेहमीसारखंच ते काही उरकलं नाही. दुसऱ्या दिवशी पाट पुन्हा जागच्या जागी होता.

हे न उरकणारं काम काही आजकालचं नव्हतं. मिरजगावात तात्यांचा शब्द चालायचा. सोसायटीच्या बैठकीत त्यांनी खाकरलं तरी चार माणसं बोलायची थांबायची. पण सकाळच्या त्या चार भिंतींच्या आत त्यांचं कुणी ऐकत नव्हतं. जाऊन बसायचं, घाम येईस्तोवर कुंथायचं, बाहेर आल्यावर कपाळ पुसत पेपर उघडायचा आणि कुणी बघितलं तर भुवया चढवायच्या. गुडघे गेले म्हणून हर्षलनं, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एक मुलानं, घरात कमोड बसवला. बसायची सोय झाली, मूळ दुखणं तिथंच राहिलं.

या दुखण्याची खबर जगात एकाच माणसाला होती, ती म्हणजे मुक्ताबाई, आणि ती गेल्या वर्षी हृदयाच्या दुखण्यानं गेली. तात्यांनी तिलासुद्धा कधी तोंडानं सांगितलं नव्हतं. ती त्यांचं सकाळचं तोंड बघायची, त्यावरनं काय ते ओळखायची आणि मुकाट्यानं दिवसाचा स्वयंपाक बदलायची. तात्यांना वाटायचं, आपलं पोट अधनंमधनं स्वतःच्या बुद्धीनं सुधारतं.

ती गेल्यावर सगळा कारभार तात्यांच्या मर्जीवर आला, आणि त्यांची मर्जी म्हणजे चहा. सकाळी चहा-खारी, दहाला चहा-बटर, दुपारी झोप झाली की चहा. शेत हर्षल बघायचा, त्यामुळे ओसरीवरच्या कॉटवरनं उठायचं कारणच उरलं नव्हतं. उशाशी भरून ठेवलेला पाण्याचा तांब्या संध्याकाळी तसाच्या तसा आत जायचा. भाकरीत कोंडा दातात अडकतो म्हणून पीठ वस्त्रगाळ करून हवं, पालेभाजी पुढ्यात आली की ‘मी काय शेरडू हाय का’ म्हणून ताट सरकवायचं. असा माणूस पोटाच्या नावानं बोंब मारणार नाही तर काय करणार?

बोंब मात्र मारायची नाही. त्याऐवजी तात्यांनी औषध शोधलं होतं. आठवडे बाजारात छत्रीखाली बरण्या मांडून एक माणूस बसायचा. त्याच्याकडे काळं चूर्ण मिळायचं, वासानं नाक वाकडं होईल असं. चिमूटभर घेतलं की सकाळी पोटात कुणी ओलं धोतर पिळावं तशी कळ यायची आणि एकदाचा निकाल लागायचा. मग पुढं बरेच दिवस सामसूम. होता होता चिमटीचा चमचा झाला. पुडी बंडीच्या आतल्या खिशात असायची आणि तो खिसा ते धुवायला टाकण्याआधी स्वतः रिकामा करायचे.

आता राहिली सून. पंकजा पाथर्डीकडची. तिचे आईबाप ऊसतोडीला जाणारे, दिवाळी झाली की बैलगाडीत संसार भरून कारखान्यावर निघणारे. बागायतदाराच्या घरात अशी सून कशी आली, ह्याचं उत्तर मुक्ताबाईपाशी होतं. नगरच्या दवाखान्यात ती पडून असताना पलीकडच्या खाटेवर पंकजाचा बाप होता, आसाराम. त्याचं पोटाचं काहीतरी ऑपरेशन झालेलं. पंकजा बापाचं जे करत होती ते मुक्ताबाईनं पडल्या पडल्या बघितलं आणि घरी आल्यावर हर्षलला म्हणाली की हीच पोरगी मला पाहिजे. तात्यांना विचारलं नाही, सांगितलं. त्याची सल तात्यांच्या मनात अजून होती. बायकोवर राग धरता येत नव्हता, ती गेली होती, म्हणून तो सुनेच्या वाट्याला आला.

तसं त्यांच्यात भांडण नव्हतं, कारण बोलणंच नव्हतं. सासऱ्यापुढं पदर घेऊन यायचं, ताट ठेवायचं, दाराआड उभं राहायचं, ही त्या घरची रीत. ‘मामा, चहा’ आणि ‘हं’, एवढ्यावर वर्ष निघालं होतं.

आणि आता हा पाट. तात्यांनी डोळे उघडे ठेवले, तर एकेक गोष्ट दिसायला लागली. सकाळी डोळे उघडायच्या आत उशाशी कोमट पाण्याचा तांब्या. तो कशाला? भाकरी काळपट आणि खरबरीत, पीठ चाळलेलं नाही हे जिभेला कळत होतं. ताटात रोज जवसाची चटणी, रोज कसला ना कसला पाला, कधी तांदुळजा, कधी चाकवत, कधी अंबाडी. चहाचा मोठा कप कुठं गेला कळलं नाही, त्याच्या जागी पाहुण्यांचा लहान कप आला, आणि दहाच्या चहाबरोबर बटरऐवजी पिकलेल्या पपईच्या फोडी. सगळ्यांवर कडी म्हणजे दुपारचं ताक. एके दिवशी तात्यांनी पेला तोंडाला लावला तर घशाखालून काहीतरी बुळबुळीत सरकलं. त्यांनी पेला डोळ्यांपुढं धरला. तळाला पांढुरका, फुगलेला गाळ होता.

तात्यांनी विचारलं नाही. विचारायचं तर पोटाचं नाव निघणार, आणि सुनेच्या तोंडून आपल्या पोटाचं नाव ऐकण्यापेक्षा तात्यांना विष परवडलं असतं. हेच तर विष नसेल, असं मग मनात आलं. एकदा आलं ते जाईना.

त्यात हर्षलनं त्याच दिवसांत हायवेलगतच्या तुकड्याचा विषय काढला. तिथं कांद्याची चाळ बांधावी म्हणत होता, त्यासाठी तात्यांची सही लागणार होती. एरवी तात्यांनी दोन शिव्या देऊन विषय मिटवला असता. पण आता त्यांनी इकडचं टोक तिकडच्या टोकाला जोडलं. म्हाताऱ्याला खायला काहीतरी घालून गुंगवायचं, सही घ्यायची आणि मग काय ते करायचं. असं कुठं तरी झालेलं त्यांनी ऐकलं होतं. कुठं ते आठवत नव्हतं, पण त्यानं संशयाला काही कमीपणा येत नाही.

मग तात्यांनी पाळत सुरू केली. दुपारी कॉटवर तोंडावर पंचा टाकून घोरायचं आणि पंच्याच्या विणीतनं सैपाकघराच्या दाराकडे बघायचं. आपण घोरताना आपल्याला ऐकू येत नाही, त्यामुळे खोटं घोरणं खऱ्यासारखं जमतंय की नाही हे त्यांना कळत नव्हतं, पण पंकजा फसली. तिनं फळीवरचा डबा काढला, त्यातला पांढरा भुसा चमच्यानं ताकात घातला, ढवळला, आणि ढवळता ढवळता वळून कॉटकडे बघितलं.

घातलं ते एक वेळ सोडा, पण वळून का बघितलं? सरळ मनाचं माणूस मागं वळून कशाला बघेल?

पुरावा हवा म्हणून त्या संध्याकाळी त्यांनी दारच्या कुत्र्याला, वाघ्याला, गोठ्यामागं नेलं. पंकजानं कोमट दुधात चमचाभर तूप घालून पेला दिला होता, तेही नवीनच खूळ. दुपारचं ताकही तात्यांनी पिऊन टाकलं नव्हतं, लोट्यात लपवून ठेवलं होतं. दूध आणि ताक दोन्ही एकत्र करून त्यांनी वाघ्यापुढं ओतलं. तुपाचा वास लागताच कुत्र्यानं सगळं चाटून पुसून साफ केलं आणि शेपूट हलवत आणखी मागितलं. तात्यांनी त्याच्या डोक्यावरनं हात फिरवला. त्यांना खरंच वाईट वाटत होतं.

सकाळी वाघ्यानं अंगण भरून ठेवलं होतं. तुळशीपासून गोठ्यापर्यंत एक जागा सोडली नव्हती. जन्मभर शिळ्या भाकरीवर राहिलेल्या कुत्र्याला तूप, दूध आणि ताक एकदम मिळाल्यावर दुसरं काय होणार, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. तात्यांना मात्र वेगळंच कळलं. त्यात पंकजानं नाक न मुरडता, कुणाला न बोलावता, बादली घेऊन सगळं अंगण धुतलं. तात्या ओसरीवरनं बघत होते. पुरावा धुऊन काढतेय, असं ते मनात म्हणाले.

त्या दिवसापासून त्यांनी घरचं अन्न जवळजवळ सोडलं. पंकजा आत वळली की भाकरी पंच्यात आणि पंचा गोठ्यात. स्वतः एसटी स्टँडवरच्या हॉटेलात जाऊन वडापाव, बटर, चहा. आणि पोटात आधी गेलेल्या विषावर उतारा म्हणून काळं चूर्ण दुपटीनं. आता ह्याला काय म्हणायचं? ज्या हातानं अन्न टाकत होते त्याच हातानं कळ लावणारी पुडी तोंडात ओतत होते. पोट दगडासारखं झालं, कळा येऊन घाम फुटायला लागला, पण पोटाची कडी काही निघाली नाही. प्रत्येक कळेला तात्यांची खात्री पटत गेली की विष चढतंय.

एका सकाळी ते संडासातनं भिंत धरत बाहेर आले आणि ओसरीवर बसलेच. तोंड पांढरं पडलं होतं. हर्षल धावत आला. दवाखान्यात जाऊ म्हणाला, गाडी काढतो म्हणाला. तात्यांनी मान हलवली. दवाखाना कुठला, ह्यांच्याच ओळखीचा असणार. त्यांनी एवढंच सांगितलं की सुनेच्या बापाला बोलावून घे, आजच्या आज. हर्षलनं कारण विचारलं, तर म्हणाले, तो आल्यावर सांगीन.

आसाराम दुपारी एसटीनं आला. हातात पिशवी, पिशवीत घरून आणलेली पाण्याची बाटली. लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं खायचं नाही, ही जुनी रीत तो पाळायचा. आजवर आला तेव्हा चहासुद्धा घेतला नव्हता. रीत पाळतो म्हणून तात्यांना त्या माणसाचा एवढा एक गुण मान्य होता. बाकी तो त्यांना चमत्कारिकच वाटायचा. अंगात मापापेक्षा मोठा, ढगळ सदरा, डावा हात सतत पोटाच्या डाव्या बाजूला टेकवलेला, आणि बसताना सगळ्यांपासून हातभर लांब. लग्नातसुद्धा तो पंगतीला बसला नव्हता. गरिबाला एवढा ताठा कशाचा, असं तेव्हा तात्यांना वाटलं होतं.

जेवणाची वेळ होती. पंकजानं रोजच्यासारखं ताट आणून ठेवलं, भाकरी, तांदुळजा, जवसाची चटणी, मुगाचं वरण, ताकाचा पेला, आणि दाराआड जाऊन उभी राहिली. बापाकडे तिनं एकदा बघितलं आणि मान खाली घातली. कशाला बोलावलं आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

तात्यांनी ताटाला हात लावला नाही. म्हणाले, “पाव्हणं, तुमची लेक मला अन्नातनं कायतरी घालती. मी डोळ्यांनी बगितलंय.”

हर्षल ताडकन उठला आणि म्हणाला की तात्या, ते इसबगोल आहे, मीच आणून दिलंय, तुमच्या पोटासाठी.

“माझ्या पोटाला काय धाड भरलीय?” तात्या म्हणाले.

झालं. गाठ बसली ती इथं. व्याह्यासमोर, ऊसतोड्या व्याह्यासमोर, आपल्याला शौचाला होत नाही हे तात्या कबूल करणार नव्हते. आणि त्यांच्या पोटाला काहीच झालं नाही म्हटल्यावर इसबगोलाला, पाटाला, पपईला आणि त्या कोमट तांब्याला काही अर्थच उरला नाही. राहिला तो फक्त सुनेचा डाव. हर्षलनं पुन्हा तोंड उघडलं तेव्हा तात्यांनी त्याला गप्प केलं, म्हणाले तुला सही पाहिजे, तू बायकोचीच बाजू घेणार. मग आसारामकडे वळून म्हणाले की ह्या घरात मला तिच्या हातचं गिळवत नाही, तुमची लेक आज घेऊन जावा.

पंकजाला सगळं सांगता आलं असतं. पण बाप, नवरा आणि सासरा समोर असताना सुनेनं काय म्हणायचं, की मामा दोन-दोन तास आत बसतात आणि कण्हतात, ते मला ऐकू येतं? तिच्या जिभेला ते वळण नव्हतं. तिनं पदराचं टोक मुठीत धरलं होतं आणि ती रडत होती, तेही आवाज न करता.

आसाराम दाराकडे बघून म्हणाला, “घातलं का गं?”

“घातलं, आप्पा.”

“मला घालायचीस तेच?”

“तेच.”

त्यावर आसारामनं जे केलं ते तात्यांच्या आजवरच्या पाहण्यात नव्हतं. तो आपलं नेहमीचं हातभर अंतर मोडून पुढं सरकला, तात्यांच्या पुढ्यातलं ताट त्यानं दोन्ही हातांनी आपल्याकडे ओढलं आणि भाकरीचा तुकडा मोडला.

तात्यांना विषाची आठवण राहिली नाही. ते एकदम म्हणाले, “पाव्हणं, आवो अजून लेकीला मूल न्हाई. रीत मोडतीय.”

“मोडू द्या,” आसाराम म्हणाला. “लेक मोडन्यापरीस रीत मोडलेली बरी.”

तो जेवला. घाईनं नव्हे, एकेक घास चावून. तांदुळजा संपवला, चटणी बोटानं पुसली, वरण भुरकलं. ताकाचा पेला उचलला, प्यायला, आणि तळाला चिकटलेला गाळ बोटानं काढून तोही खाल्ला. पंकजा दारातनं पुढं आली होती. तिचा पदर डोक्यावरून घसरला होता आणि तिला त्याचं भान नव्हतं. आप्पा, नका ना, तुम्ही परक्या घरी जेवत नाही, असं ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. तात्यांना वाटलं, ती रीतीबद्दल बोलतेय.

जेवून झाल्यावर आसाराम बाटलीतलं पाणी प्यायला, त्यानं हात पुसला आणि ढगळ सदरा डाव्या बाजूनं वर केला. पोटाला एक पिशवी चिकटवलेली होती.

“आता ही भरंल,” तो म्हणाला. “म्हनून मी कुनाच्यात जेवत न्हाई. रीत हाय ती हायच, पन खरं कारन हे हाय. वास येतोय का काय, ह्याची लाज वाटती.”

मग आसारामनं सांगितलं, खालच्या आवाजात, जसं दुसऱ्याचं सांगावं. कारखान्यावर पहाटे उसाच्या फडात शिरायचं, मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची. परसाकडला जायला ना आडोसा ना सवड. लागली तरी दाबायची. मग पाणीच कमी प्यायचं, म्हणजे लागत नाही. वर्षानुवर्षं हीच सवय. दाबून दाबून पोटानं मागायचंच सोडलं. मग बाजारातली काळी पुडी. कुणाला सांगायची लाज, बायकोलासुद्धा. शेवटी एका हंगामात आतड्याला पीळ पडला, पोट फुगून नगाऱ्यासारखं झालं, आणि नगरला नेईपर्यंत आतडं काळं पडलं होतं. डॉक्टरांनी तेवढं कापून काढलं आणि शौचाची वाट पोटातनं काढून दिली. दवाखान्यातल्या बाईनं पथ्यपाणी सांगितलं ते पंकजानं शिकून घेतलं. पिशवी कशी धुवायची तेही तिनंच शिकून घेतलं, आणि लग्न होईस्तोवर तीच धूत होती.

“तुमच्या मुक्ताबाईंनी हे बगितलं हुतं,” आसाराम म्हणाला. “तुमच्या पोटाचं त्यांनीच हिला सांगितलं. म्हनाल्या, ते सोताहून बोलायचे न्हाईत, तूच बग. ही बोलली न्हाई, नुसती करत बसली. तिथं चुकलं तिचं. तुमाला न इचारता तुमच्या ताकात घालायला नको हुतं. पन तिनं येक बाप असा बगितलाय. दुसरा बगायचा नव्हता तिला.”

तात्या खाली बघत होते. दवाखान्यातल्या खाटेवर पडल्या पडल्या मुक्ताबाई आपलं पोट ह्या पोरीच्या हवाली करून गेली, आणि आपण त्या पोरीवर पाळत ठेवली. त्यांना एकदम त्या खरबरीत भाकरीची चव आठवली. ती नवी नव्हती. मुक्ताबाई असताना पोट सुधारायचं त्या दिवसांत भाकरी अशीच लागायची. जिभेला ती ओळखीची वाटली होती, पण कुणाच्या हातची ते ध्यानात आलं नव्हतं. तात्यांना स्वतःची इतकी चीड आली की क्षणभर पोटातली कळही जाणवली नाही.

आसारामनं नाक जरा वर केलं. “काळं चूर्न घेता का वो तुमी? मगापासून वास येतोय. मला तो वास हजारात कळंल.”

तात्यांचा हात बंडीच्या आतल्या खिशाकडे गेला. तो तिथं बराच वेळ राहिला. मग त्यांनी पुडी बाहेर काढली आणि व्याह्यानं रिकाम्या केलेल्या ताटात ठेवली.

आसाराम उठला. त्याला मागल्या न्हाणीत जायचं होतं. पंकजानं काही न विचारता गरम पाणी काढलं, खांद्यावर जुना पंचा टाकला आणि बापाच्या मागं गेली. आतनं पाणी ओतल्याचा आवाज येत राहिला, आणि मधेच बापलेकीच्या हसण्याचाही आला. तात्या ऐकत होते. आपल्या घरात आपल्या दुखण्यावर कुणी हसावं, इतकं मोकळं कधी कुणी नव्हतं, मुक्ताबाईसुद्धा नाही. हर्षल शेजारी येऊन बसला. त्याला तात्या एवढंच म्हणाले की उद्या नगरला जाऊ, डॉक्टरला दाखवू, सहीचं आल्यावर बघू.

उन्हं कलली तशी आसारामनं बाटलीची पिशवी उचलली. परतीची एसटी गाठायची होती. तो ओसरीच्या पायरीवर थांबला. पंकजा दाराआड पुन्हा पदर घेऊन उभी होती. तिची कपड्यांची बॅग दाराला टेकवलेली होती. ती तिनं कधी भरली हे तात्यांना कळलंही नव्हतं.

“मग पाव्हणं,” आसाराम म्हणाला, “लेक नेऊ का ठिवू?”

तात्यांना उत्तर माहीत होतं, पण नुसतं ‘राहू द्या’ म्हणून भागणार नाही हेही कळत होतं. आज ठेवली आणि उद्या पुन्हा ‘मामा, चहा’ आणि ‘हं’ सुरू झालं, तर परवा पुन्हा पंच्याआडनं पाळत सुरू होणार. स्वतःचा स्वभाव त्यांना ठाऊक होता. सोसायटीच्या बैठकीत तासभर बोलणारा तो माणूस दोनदा खाकरला. त्यांनी दाराकडे न बघता, अंगणातल्या वाघ्याकडे बघत तोंड उघडलं.

“पंकजा,” ते म्हणाले. घरात आल्यापासून त्यांनी तिला नावानं हाक मारायची ही पहिलीच वेळ होती. “पोरी, मला चार दिस झाले, पोट साफ न्हाई झालं.”

हर्षलनं मान दुसरीकडे वळवली. आसाराम पायरीवर खाली बसला. दाराआड बांगड्या वाजल्या.

“मामा, आज पानी किती पेलात?” पंकजानं विचारलं.

तांब्याभर, असं सांगायला तात्यांनी श्वास घेतला होता. तांब्या उशाशी होता, काठोकाठ भरलेला, आणि ती दारातनं त्याच्याकडेच बघत होती.

“घोटभर,” ते म्हणाले.

ती आत गेली, त्या तांब्यातलं पाणी ओतून कोमट भरून आणलं आणि ह्या खेपेला खाली न ठेवता त्यांच्या हातात दिलं. मग दाराशी टेकवलेली बॅग उचलून आत नेली. जाता जाता उंबऱ्यावर थांबली.

“आन तो पाट सारू नका, मामा. पाय त्याच्यावर ठिवायचे अस्त्यात, उकिडवं बसल्यागत हुतं.”

“बरं,” तात्या म्हणाले आणि त्यांनी तांब्या तोंडाला लावला.